बदल करण्याचा अधिकार कोणाकडे? उपकंपनीतली शिस्त आणि लहान कारखान्यातली नवकल्पना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणमधल्या एका युरोपीय कंपनीच्या भारतीय उपकंपनीत, उत्पादन विभागात बरीच वर्षे काम करून तुम्ही आता भोसरीत काकांच्या मशीनशॉपमध्ये भागीदार म्हणून आला आहात. चाळीसेक माणसे, संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारे सीएनसी लेथ आणि व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग-ड्रिलिंगची यंत्रे) मिळून डझनभर यंत्रे आणि मोजके मोठे ग्राहक, त्यांतले दोन पुन्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या उपकंपन्याच. तिकडे सूचना-योजना होती, कायझेनच्या (सततच्या छोट्या सुधारणांच्या) स्पर्धा होत्या, नव्या कामाला टप्प्याटप्प्याने मंजुरी देण्याची पद्धत होती. इकडे यांतले काहीच नाही. तिकडचे काय इकडे आणावे, लहान कारखान्यात नावीन्य रुजते तरी कसे आणि स्वतःचे उत्पादन काढावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी आधी उपकंपनीच्या कारखान्यात आणि नंतर भोसरी, सातपूर, शिरोली इथल्या लहान उद्योगांचा सल्लागार म्हणून काम केले आहे. पुढचे उत्तर त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवावर आधारलेले आहे.

पद्धती कोणत्या आणाव्यात, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. त्याआधी शॉपमध्ये उभे राहून एवढेच विचारा, की इथला कोणता बदल कोण, कोणालाही न विचारता करू शकतो? उपकंपनीत हा अधिकार बहुतेक वेळा परदेशातल्या मुख्यालयात असतो आणि लहान कारखान्यात तो एकट्या मालकाकडे असतो. कल्पनांचा तुटवडा मला दोन्हीकडे फारसा दिसलेला नाही. यंत्रावर आठ तास उभा राहणारा माणूस आठवड्यात एखादी तरी कामाची गोष्ट सुचवतोच. ती पुढे जाते की नाही, हे अधिकार कसा वाटला आहे त्यावर ठरते.

आधी तुम्ही सोडून आलेल्या जागेकडे पाहू, कारण तिची रचना लक्षात आली तर तुमचे दोन ग्राहक असे का वागतात तेही उलगडेल. उपकंपनीत ड्रॉइंगची मालकी बहुधा मूळ कंपनीकडे असते. भारतातला अभियंता त्या ड्रॉइंगवरची अकारण कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दाखवून देऊ शकतो, ती सैल केल्याने किती पैसे वाचतील याचा हिशेबही मांडू शकतो, पण बदलाची विनंती पाठवून वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. तिकडच्या डिझाइन विभागाला त्या बचतीतला छदामही मिळत नाही. उलट चाचण्यांचा खर्च आणि पुढे काही बिघडल्यास त्याची जबाबदारी मात्र त्याच्या माथी येते. म्हणून तो विभाग नकारही देत नाही, विनंती तशीच पडून राहते. याला आपल्याकडे गोऱ्यांचा अहंकार म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. खर्च एकाच्या खात्यावर आणि फायदा दुसऱ्याच्या खात्यावर अशी मांडणी असेल, तर कोणत्याही देशातला शहाणा माणूस असाच वागेल. पुण्या-बेंगळुरूतली परदेशी कंपन्यांची अनेक संशोधन केंद्रेही झालेला खर्च आणि त्यावर ठरावीक टक्के नफा या बोलीवर मूळ कंपनीसाठी काम करतात आणि तिथे निघालेल्या शोधाची मालकी मूळ कंपनीकडेच जाते. अशा ठिकाणी हुशार माणसे भरपूर असतात, मात्र काय शोधायचे हे ठरवणारा फारसा कोणी नसतो.

तरीही काही उपकंपन्यांनी मोठी कामे केली आहेत. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स म्हणून सुरू झालेली पुण्यातली कंपनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, किर्लोस्कर भागीदारीतून बाहेर पडल्यावर, कमिन्स इंडिया झाली. मूळ अमेरिकी कंपनीचा जोर मोठ्या अश्वशक्तीच्या इंजिनांवर होता. भारतात मात्र दवाखाने, दुकाने, शेतकरी यांना शंभर किलोवॅटच्या आतले जनरेटर हवे होते आणि त्या बाजारात स्वस्त माल विकणारे स्पर्धक आधीच बसले होते. इथल्या लोकांनी इंजिन तेवढे जपून, आवाज अडवणारे कवच आणि जोडणीचे सुटे भाग यांचे ग्राहकगटानुसार वेगवेगळे संच बांधले आणि शेवटची जुळवाजुळव वितरकांवर सोपवली. पुढे हे लहान जनरेटर परदेशांतल्या बाजारांतही गेले. बेंगळुरूत जीई हेल्थकेअरने २००८च्या सुमारास आणलेले मॅक ४०० हे उचलून नेण्याजोगे ईसीजी यंत्रही याच जातीचे. बसच्या तिकिटांसाठी असतो तसा छोटा प्रिंटर त्यात बसवला होता आणि मोठ्या यंत्रातल्या कित्येक सोयी सरळ वगळल्या होत्या. या दोन्ही उदाहरणांत मला नवे तंत्रज्ञान फारसे दिसत नाही. उत्पादनातून काय काढून टाकायचे, हे ठरवण्याची मुभा इथल्या लोकांना मिळाली होती, आणि माझ्या मते मुख्यालयाकडून मिळवायला सर्वांत अवघड तीच असते. नवे काही घालायला मुख्यालय चटकन हो म्हणते, कारण त्याने दर्जा घटल्याचा ठपका येत नाही.

आता तुमच्या शॉपकडे वळू. इथे समुद्रापलीकडून उत्तर येण्याची वाट पाहावी लागत नाही, पण काकांची वाट पाहावी लागते. पाहण्यातले एक उदाहरण देतो. एका शॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय-कास्ट हाउसिंगवर व्हीएमसीवर काम चाले. त्यात एम-६ आट्यांची सहा ब्लाइंड होल्स (आरपार न जाणारी छिद्रे) होती. ड्रिल झाल्यावर चिप्स आणि कूलंट मिळून होलच्या तळाशी घट्ट बसत, वरून टॅप (आटे पाडणारे हत्यार) उतरला की तो मोडे, आणि मोडलेला टॅप निघेना म्हणून सगळे मशीनिंग झालेला नग भंगारात जाई. रात्रपाळीचा ऑपरेटर ड्रिलिंगनंतर यंत्र थांबवून, दार उघडून एअर गनने सहाही होल्स फुंकून घ्यायचा. दिवसपाळीवाला तसे करत नसे, कारण दिवसा नगांची मोजणी साहेबांच्या डोळ्यांदेखत होई आणि दार उघडले की सायकल टाइम वाढे. परिणामी रिजेक्शन दिवसा जास्त आणि रात्री कमी. रजिस्टरमध्ये मात्र दोन्ही पाळ्यांना कारण एकच लिहिलेले असे, ‘टॅप ब्रेकेज’. सेटरने (यंत्र नव्या कामासाठी लावून देणाऱ्या माणसाने) उपाय सांगितला होता: स्पिंडलच्या बाजूने हवेची एक नळी आणायची, तिला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) लावायचा आणि टॅपच्या आधी प्रोग्रॅममधूनच हवा सोडायची, यंत्रात एक एम-कोड (प्रोग्रॅममधून अशी जोडणी चालू-बंद करणारी आज्ञा) त्यासाठी रिकामा होता. खर्च किरकोळ होता. पण व्हॉल्व्ह विकत घ्यायचा तर मालकांची सही लागे आणि मालक कधी बँकेत, कधी ग्राहकाकडे, कधी आयकराच्या कामात. सही होईपर्यंत भंगारात गेलेल्या नगांच्या पैशात तसे कितीतरी व्हॉल्व्ह आले असते.

असा कारखाना मागासलेला असतो असे मी म्हणणार नाही. मालक स्वतः उत्तम तंत्रज्ञ असतो, म्हणूनच तर ग्राहक टिकलेले असतात. अडचण एवढीच, की खरेदी, दर ठरवणे, वसुली, नवे काम मिळवणे आणि शॉपमधले तांत्रिक निर्णय ही सगळी कामे एकाच माणसाच्या दिवसात कोंबलेली असतात आणि त्यांतले जे काम कोणी ओरडून मागत नाही ते मागे पडते. सुधारणा कधीच ओरडत नाही, ग्राहकाचा डिस्पॅचसाठीचा फोन ओरडतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की काकांबरोबर निवांत बसून बदलांची तीन गटांत वाटणी करा, ती एका कागदावर लिहून काढा आणि शॉपमध्ये लावा. सेटर आणि सुपरवायझर स्वतःच्या अधिकारात करू शकतात ते बदल पहिल्या गटात येतील: हत्यारांची मांडणी, फिक्स्चर साफ करण्याची सोय, नग ठेवण्याचे ट्रे, एअर ब्लो, गेज ठेवण्याची जागा. या गटासाठी दर महिन्याला एक ठरावीक रक्कम सुपरवायझरच्या हाती द्या. समजा दहा हजार रुपये. हिशेब महिन्याअखेरीस घ्या, पण आधी परवानगी मागायला लावू नका. दुसऱ्या गटात तुम्हा दोघांपैकी कोणीही एकाने मंजूर करायचे बदल: नवे फिक्स्चर, महागडे इन्सर्ट, एक ऑपरेशन एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचा विचार. कोणीही एक, हे शब्द कागदावर नीट लिहा, कारण दोघांच्याही सह्या लागणार असतील तर तुमच्या येण्याने उशीर दुप्पट होईल.

तिसरा गट ग्राहकाला कळवल्याशिवाय करायचेच नाहीत अशा बदलांचा, आणि इथे उपकंपनीतला तुमचा अनुभव खरा कामी येईल. वाहन उद्योगात पुरवठादाराचा सुटा भाग पीपीएपीच्या (उत्पादन सुरू करण्याआधी ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याच्या पद्धतीच्या) कागदपत्रांवर मंजूर झालेला असतो. ती मंजुरी भागासोबत तो बनवण्याच्या पद्धतीलाही मिळालेली असते. साहित्य, कास्टिंगचा पुरवठादार, नवे किंवा बदललेले टूलिंग, प्रक्रियेचा क्रम, कामाची जागा यांपैकी काही बदलले तर ग्राहकाला आधी कळवावे लागते. लहान शॉपमध्ये हे माहीत नसते असे नाही, पण मनापासून पटलेले नसते. माल चांगला निघतोय ना, मग सांगायचे कशाला, असा सूर असतो. एका कारखान्याने डीबरिंगची (मशीनिंगनंतर कडांवर राहिलेली कुसे काढण्याची) पद्धत बदलली आणि भाग आधीपेक्षा स्वच्छ निघू लागला. पुढे ग्राहकाकडे जुळणीत गळती सापडली. गळतीचे कारण वेगळेच होते. तरी चौकशीत न कळवलेला बदल आधी हाती लागला आणि बाकीची चर्चा तिथेच थांबली. नुकसानीची रक्कम वसूल करणारी डेबिट नोट पुरवठादाराच्या नावावर निघाली. ग्राहकाच्या लेखी न कळवलेला चांगला बदल आणि न कळवलेला वाईट बदल यांत फरक नसतो, कारण दोन्हींमुळे त्याच्याकडची नोंद खोटी ठरते. तेव्हा बदलांची एक वही ठेवा: तारीख, भाग क्रमांक, काय बदलले, कोणी बदलले, बदलानंतरच्या पहिल्या नगांची मोजमापे आणि ग्राहकाला कळवले असल्यास केव्हा. तिकडच्या सगळ्या पद्धतींतून एकच उचलायची असेल तर मी ही वही उचलीन.

ग्राहकाकडे सुधारणेचा प्रस्ताव नेताना तो तिथल्या खरेदी विभागाकडे एकट्याने नेऊ नका. खरेदीवाल्याला त्यात दर कमी करण्याची संधी दिसते, आणि त्याची नोकरीच ती असल्यामुळे त्याला दोष देता येत नाही. दरवर्षी अमुक टक्के दर उतरवायचा, असे कलम अनेक दीर्घ मुदतीच्या करारांत आधीच असते. तिथल्या गुणवत्ता विभागाला किंवा पुरवठादार विकास अभियंत्याला आधी सोबत घ्या, कारण रिजेक्शन कमी झाल्याचे श्रेय त्याला मिळते. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर बचतीची वाटणी लिहा: चाचण्या आणि फिक्स्चरचा खर्च वसूल होईपर्यंत जुना दर, त्यानंतर बचत निम्मी-निम्मी. सगळे ग्राहक मान्य करतील असे नाही. पण आधी बचत करून दाखवायची आणि मग वाटणी मागायची, या क्रमाने गेलात तर हाती काही लागत नाही, हे मी नक्की सांगतो. बदल ड्रॉइंगला स्पर्श करणारा असेल, तर स्थानिक पातळीवर निर्णय होऊ शकेल एवढा तो आखडून मांडा. पॅकिंग, वाहतुकीचे बिन, गंजरोधक तेल, स्थानिक खरेदीचे फास्टनर अशा गोष्टींवर इथला कारखाना बहुधा स्वतः सही करू शकतो. अशी दोन-चार कामे नीट झाली, की मुख्यालयाकडे तुमची मोठी विनंती पाठवायला तोच अभियंता आपणहून तयार होतो.

आता सुधारणेच्या मालकीबद्दल. ग्राहकाच्या खरेदीच्या सर्वसाधारण अटी बारीक टायपात छापलेल्या असतात आणि त्या कोणी वाचत नाही. त्यांत कित्येकदा असे कलम असते, की ग्राहकाच्या भागाच्या संदर्भात पुरवठादाराने केलेल्या सुधारणांचा हक्क ग्राहकाचा राहील. ते कलम शोधा आणि नव्या करारात, भागाच्या रचनेतील सुधारणा तुमच्या आणि उत्पादनपद्धतीतील सुधारणा आमच्या, अशी फोड करून मागा. टूलिंगचे पैसे ग्राहकाने दिले असतील तर ते टूल ग्राहकाचे, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र स्वतःच्या पैशाने केलेल्या फिक्स्चरची यादी वेगळी ठेवा. पेटंटच्या मागे धावावे का, असे बरेच जण विचारतात. पेटंटचा अर्ज करायला लहान उद्योगांना सरकारी फीमध्ये मोठी सवलत आहे, पण पेटंट घेतले की पद्धत जाहीर करावी लागते, आणि बंद दाराआड वापरली जाणारी मशीनिंगची युक्ती शेजारच्या शेडमध्ये कोणी उचलली तर तुम्हाला कळणार कसे? भागात किंवा यंत्रात बाहेरून दिसून येणारी नवी रचना असेल तरच पेटंटचा विचार करा आणि तोवर ती कोणाला दाखवू नका, प्रदर्शनात तर नाहीच.

पैशाबद्दल थोडक्यात, पण ठामपणे सांगतो. प्रयोगाला लागणारा पैसा लहान कारखान्यात येणे बाकीत अडकलेला असतो. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे व्याज मागणारा पुरवठादार मी फारसा पाहिलेला नाही, कारण मागितले की पुढची ऑर्डर जाते. त्यापेक्षा २०२३च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात घातलेल्या तरतुदीचा परिणाम जास्त झाला: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. यामुळे उपकंपन्यांचे लेखा विभाग स्वतःहून पुरवठादारांकडे उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग असल्याचा सरकारी) दाखला मागू लागले. तुमचा दाखला ग्राहकाच्या प्रणालीत चढवला आहे का, हे आजच तपासा. शिवाय २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स मंचांवर (लहान उद्योगांची बिले वटवून आधी पैसे देणाऱ्या ऑनलाइन मंचांवर) नोंदणी सक्तीची झाली आहे. ग्राहकाने तिथे बिल स्वीकारले, की त्याची पत पाहून तुम्हाला आधी पैसे मिळतात आणि व्याजाचा दर तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा बहुधा कमी पडतो.

मग तिकडचे आणखी काय आणायचे? सूचनापेटी आणि बक्षिसांची स्पर्धा आणू नका. हजार माणसांच्या कारखान्यात अनोळखी माणसाची कल्पना वर पोहोचवायला पेटी लागते. चाळीस माणसांत सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, तिथे पाळी बदलताना यंत्राजवळ उभ्याने दहा मिनिटे बोलले तर पुरते. टप्प्याटप्प्यांची मंजुरीही नको. सेटअप बदलण्याचा वेळ कमी करण्याची शिगेओ शिंगो यांची पद्धत मात्र नक्की आणा, कारण लहान शॉपचे पोट लहान लॉटवर चालते. बहुराष्ट्रीय कारखान्यात एक भाग आठवडाभर एकाच यंत्रावर चालतो. तुमच्याकडे एका यंत्रावर दिवसातून दोन-तीनदा काम बदलत असेल, आणि दर वेळी सेटर जॉज् (भाग पकडणारे जबडे) शोधतो, मग हत्यारे शोधतो, मग ऑफसेट घेतो, आणि तेवढा वेळ यंत्र उभे. यंत्र थांबल्यावरच करता येतात ती कामे कोणती आणि ते चालू असताना आधी उरकता येतात ती कोणती, एवढी विभागणी केली तरी पहिला मोठा वेळ वाचतो. पुढच्या कामाची हत्यारे होल्डरमध्ये बसवून लांबी मोजून ट्रॉलीवर तयार ठेवणे, प्रत्येक भागाचे सॉफ्ट जॉज् भाग क्रमांक घालून एका कपाटात ठेवणे, फिक्स्चरच्या तळपट्ट्या एकाच मापाच्या करून टेबलावर डॉवेल पिनांवर बसवणे, या तिन्हींना नवे यंत्र लागत नाही. दहा मिनिटांच्या आत सेटअप हे शिंगोंचे लक्ष्य लगेच गाठले नाही तरी चालेल. वाचलेल्या तासांत सुटे प्रोटोटाइप आणि अवघड लहान लॉट घेता येतात. मोठा पुरवठादार असे काम हातात घेत नाही. ग्राहकाच्या डिझाइन विभागाशी तुमची थेट ओळख त्याच कामातून होते.

ती ओळख लहान कारखान्याला फार पुढे नेऊ शकते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला आला, त्याच वर्षी औरंगाबादमध्ये एंड्युरन्स ही ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगची कंपनी सुरू झाली, आणि पुढे तिने इटली-जर्मनीतले कारखाने विकत घेतले. म्हणजे त्या इटालियन कारखान्यातला अभियंता आज बदलाची विनंती मराठवाड्याकडे पाठवत असेल, आणि त्यालाही उत्तराची वाट पाहावी लागत असेल!

स्वतःच्या उत्पादनाबद्दल माझे मत असे, की पहिली दोन वर्षे तरी त्याला हात घालू नये. विक्री, सेवा, वॉरंटी आणि उधारी हे चारही नवे धंदे असतात आणि काकांच्या दिवसात त्यांना जागा नाही. काही करायचेच असेल, तर शॉपमध्ये स्वतःसाठी बनवलेले फिक्स्चर किंवा गेज शेजारच्या कारखान्यांना विकता येते का ते पाहा. ग्राहक तेच, भाषा तीच, आणि माल बिघडला तर पायी जाऊन दुरुस्त करता येतो.

ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक-प्रणाली) घ्यावी का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. बदलांची वही सहा महिने खंड न पडता भरली गेली आणि सुपरवायझरने महिन्याचे पैसे खरोखर खर्च केले, तर घ्या. पहिले दोन महिने ते पैसे तसेच उरतील, कारण खर्च केल्यावर ओरडा बसेल अशी भीती सगळ्यांना असते. तेव्हा काकांना एवढीच विनंती करा, की पहिला खर्च चुकीच्या वस्तूवर झाला तरी त्या दिवशी काही बोलू नये.